दाते

विश्रांतवाडीच्या चौकात, फरसाणाच्या दुकानावरच्या दवाखान्यात
डॉक्टर खिंवसरा निळ्या कागदाची पट्टी
माझ्या दाढांमध्ये धरतात.
चावा, म्हणतात. आता घासा. डावीकडे. उजवीकडे.

मला हसू येतं, पण आ वासलेला असताना हसता येत नाही.
बाई, हे काम माझं आहे.
भोसरीला एकवीस वर्षं
गिअरच्या दात्यांना निळं लावून, जोडी फिरवून
डाग कुठे उमटला ते बघतो मी.
मधोमध उमटला तर पास.
कडेला सरकला तर जोडी आवाज करणार,
आणि आवाज करणारी जोडी कधीतरी भर रस्त्यात बसणार.

माझा डाग कडेला होता.

आरशात दाखवलं त्यांनी:
सुळ्यांची टोकं गेलेली, चारी सपाट,
पांढऱ्याखालून पिवळा थर वर आलेला,
जिभेला दातांचे ठसे, कातणीने कापलेल्या करंजीच्या कडेसारखे,
आणि उजवीकडची खालची दाढ
उभी चिरलेली.
'काही कडक खाल्लंत?'
फुटाणे, मी म्हणालो.
फुटाण्यांआधी बरंच काही खाल्लं होतं.

सुलभाने सांगितलं होतं आधीच.
रात्री दोनला ती उठून बसायची.
'झोपेत दात खाता तुम्ही.
कुणीतरी फरशीवरून लोखंडी कपाट ओढतंय असं वाटतं.'
तिच्या आईचा निकाल: जंत झालेत.
पन्नाशीच्या जावयाने निमूट एरंडेल घेतलं.
जंत नव्हते.

सकाळी कानशिलं ठणकायची.
माठातलं पाणी लागलं की दाढेतून डोळ्यापर्यंत तार जायची.
जांभई देताना कानापाशी कट्ट.
हेल्मेटचा पट्टा आवळत असेल
म्हणून मी पट्टा सैल केला.

'कुणाचा राग येतो?' डॉक्टरांनी विचारलं,
हातमोजे काढता काढता, भाजीचा भाव विचारावा तसं.
छे, मी म्हणालो.
ते म्हणतानाही जबडा आवळलेलाच होता.

मार्चपासून प्लांटला नवे साहेब.
हार्डनेस कमी भरतोय, मी म्हणतो.
गेटला गाडी लागलीय, ते म्हणतात.
'ढमढेरे, दोन पॉइंटांनी काय जग बुडतं?'
किती वेळा सांगितलं. दातांच्या कण्या केल्या म्हणतात ना,
तसं नुसतं म्हणायला नाही,
कण्या खऱ्याच पडत होत्या, रात्री, अंधारात,
आणि मीच त्या गिळत होतो.
दिवसा मूग, रात्री कण्या.
सही मात्र माझी सुंदर येते, शाळेपासून.

'वरचं आवरण पुन्हा येत नाही,' डॉक्टर म्हणाल्या.
'दाढेला टोपी बसवू. रात्री हे घालून झोपा.
पण हे फक्त दात वाचवेल हं.'
साडेचार हजारांची पारदर्शक पट्टी, निळ्या डबीत.

सतरा रात्री घातली. सुलभा झोपते आता.
अठराव्या सकाळी डबी खिशात टाकून भोसरीला नेली,
कुणी यायच्या आत पुसून
मायक्रोमीटरच्या चिमटीत धरली.
डावीकडच्यापेक्षा उजवीकडे शंभर मायक्रॉन कमी.
म्हणजे रात्रीला सहा.
कॅलिब्रेशनच्या वहीत मागच्या पानावर तारीख टाकून लिहिलं.
पार्टच्या रकान्यात 'मी' लिहिलं,
मग खोडलं.

दहाला लॉट आला. तीनशे बारा नग.
हार्डनेस पुन्हा दोनने खाली.
टेबलावरचा फोन वाजत होता.
ड्रॉवरच्या तळाशी 'नामंजूर'चा शिक्का सापडला,
पॅड खडखडीत वाळलेलं.
त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले
आणि ओठ मिटून, दात सुटे ठेवून, जीभ टाळूला लावून,
डॉक्टरांनी शिकवलं तसं,
शाई ओली व्हायची वाट बघत बसलो.